थुंकीत रक्त, पण क्षय नव्हे

महिनोन्महिने खोकला, थुंकीत तांबूस रक्त, एक्स-रेमध्ये फुप्फुसावर डाग. आपल्या देशात एवढं ऐकलं की क्षयच आठवतो आणि बहुतेकदा तो असतोही. पण मणिपूर, नागालँड, अरुणाचलच्या डोंगराळ भागात आणखी एक संशयित असतो: पॅरागोनिमस नावाचा चपटा कृमी. क्षयाची औषधं त्याचं काहीच बिघडवू शकत नाहीत, आणि चुकीच्या निदानापायी ती निष्कारण घेत राहिलेले रुग्ण तिथे आढळले आहेत.

हा कृमी येतो ओढ्यातल्या खेकड्यातून. खेकडा कच्चा किंवा अर्धवट भाजून खाल्ला, की त्यात दडलेली अळी आपल्या लहान आतड्यात कोशातून बाहेर पडते. मग आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत, तिथून श्वासपटल पोखरून छातीत आणि शेवटी फुप्फुसात! तिथे ती कॉफीच्या बीएवढी, साधारण एक सेंटिमीटरची होते. अंडी घालेपर्यंत दोन-तीन महिने गेलेले असतात. तेव्हाचा खेकडा आणि आताचा खोकला यांची सांगड रुग्ण कशी घालणार? ती डॉक्टरांनी विचारून घालायला हवी.

अंडी थुंकीतून किंवा विष्ठेतून ओढ्यात पोचतात, अळ्या आधी गोगलगायीत आणि नंतर खेकड्यात वाढतात. वाघासारखे प्राणीही यातून सुटत नाहीत. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत मेलेल्या बंगाली वाघांच्या फुप्फुसांत हा कृमी आधी दिसला. माणसात तो १८७९ साली तैवानमध्ये, एका शवविच्छेदनात सापडला.

निदान झालं तर उपचार सोपा आहे. थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात, रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. प्राझिक्वांटेलच्या गोळ्या दोन-तीन दिवस घेतल्या की बहुतेक रुग्ण बरे होतात.

आपल्याकडे पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे आवडीने खातात, पण कालवण करून. रस्सा नीट उकळला की अळी मरते. लिंबू, मीठ, मिरची चोळल्याने ती मरेलच असं नाही. मला काळजी वाटते ती पाट्याची. खेकड्याचे बारीक पाय कच्चेच वाटून, रस गाळून रश्श्यात घालतात. त्याच पाट्यावर लगेच चटणी वाटायची नाही. पाटा, वरवंटा, सुरी आणि हात आधी साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा, पाट्यावर कढत पाणीही ओता.