कोल्का: गरम झऱ्यांच्या माथ्यावरची हिमनदी

२० सप्टेंबर २००२ च्या रात्री आठच्या सुमारास रशियातल्या उत्तर ओसेशियात कोल्का हिमनदी कोसळली. नुसतं टोक तुटून पडलं असं नाही. जवळजवळ सगळी हिमनदी बुडापासून सुटली. १० कोटी घनमीटरहून अधिक बर्फ आणि दगड काही मिनिटांत सुमारे १८ किलोमीटर खाली आले आणि कर्मादोनच्या अरुंद खिंडीशी अडले. चिखलाचा लोंढा तिथूनही पुढे गेला. सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. तिथे चित्रीकरण करणारा अभिनेता-दिग्दर्शक सर्गेई बोद्रोव आणि त्याचे सहकारीही त्यांत होते. बहुतेकांचे देह सापडलेच नाहीत. नातेवाईक मात्र २००४ पर्यंत तिथल्या गाडल्या गेलेल्या बोगद्यात आपल्या माणसांचा शोध घेत राहिले.

कोल्का आहे काझबेक या निद्रिस्त ज्वालामुखीच्या पहाडात. खालच्या खोऱ्यात गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांच्यासाठीच माणसं इथे येत आली. १९०२ च्या जुलैत हिमनदी अशीच सुटली, तेव्हा तीसहून अधिक लोक दगावले. झऱ्यांवर उपचाराला आलेलेही त्यांत होते. १९६९-७० मध्ये ती पुन्हा सरकली, पण सावकाश, महिने घेत, सुमारे ४ किलोमीटर. कुणाला इजा झाली नाही. मला वाटतं, घात इथेच झाला असावा: खोऱ्याच्या आठवणीत १९०२ पेक्षा ही संथ हिमनदीच ताजी राहिली.

जमिनीतली उष्णता बर्फावर काम करते ती खालून. तळाचा बर्फ वितळतो, पाण्याला वाट मिळाली नाही तर त्याचा दाब वाढत जातो, आणि वरच्या प्रचंड वजनाला धरून ठेवणारं घर्षणच नाहीसं होतं. वरून सगळं जागच्या जागी दिसत असतं. २००२ च्या उन्हाळ्यात तर जिमाराय-खोख शिखराच्या कड्यावरून कित्येक आठवडे दगड आणि बर्फ कोल्कावर पडत होते. शेवटचा धक्का या भाराचा, की खालच्या उष्णतेचा आणि वायूंचा, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. सगळा दोष ज्वालामुखीवर टाकणं मला घाईचं वाटतं. २०१६ मध्ये तिबेटमधल्या आरू पर्वतरांगेत दोन हिमनद्या अशाच सुटल्या, एक जुलैत, दुसरी सप्टेंबरात, आणि त्यांच्याखाली ज्वालामुखी नव्हता.

कोल्काच्या रिकाम्या झालेल्या खोलगटात आता पुन्हा बर्फ साठू लागला आहे.