गर्भावस्थेतील योग व प्राणायाम

गर्भारपणात करावयाची निवडक आसने, श्वास न कोंडता केलेला प्राणायाम आणि शिथिलीकरण यांचा अभ्यास. पुण्यात याचे वर्ग पुष्कळदा ‘गर्भसंस्कार व योग’ अशा जोडपाटीखाली भरतात. पाटी एक असली तरी गोष्टी दोन आहेत. गर्भसंस्कारात मंत्रश्रवण, वाचन, आहार येतात आणि कुठे कुठे बुद्धिमान बाळाची हमीही. योगाभ्यासाचा संबंध आईच्या सांध्यांशी, श्वासाशी आणि झोपेशी आहे. त्याचे मोल तेवढ्यावरच करावे.

हा अभ्यास वाटतो तितका प्राचीन नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीला काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्यासारखे, न हिंदकळवता जपावे असे म्हटले आहे. तिथे महिन्यागणिक आहार दिला आहे, आसने नाहीत. हठयोगाचा जुना ग्रंथ असलेल्या हठप्रदीपिकेतही गर्भिणीसाठी वेगळा क्रम नाही. आजची पद्धत विसाव्या शतकात घडली आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. शिवाजीनगरची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ मध्ये सुरू झाली. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार (१९४४–२०१८) यांनी मासिक पाळी, गर्भावस्था आणि बाळंतपणानंतरचा काळ यांनुसार स्त्रियांच्या अभ्यासाची मांडणी केली. लोड, पट्टा, खुर्ची, दोरी यांचा आधार घेऊन आसन करण्याची या घराण्याची रीत गर्भिणीला विशेष मानवते.

गर्भावस्थेत प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे श्वास खोल होतो. मिनिटातील श्वासांची संख्या फारशी बदलत नाही, पण एका श्वासातली हवा ३० ते ४० टक्क्यांनी वाढते. पोट वाढते तसे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा) सुमारे ४ सेंटिमीटर वर सरकते आणि बरगड्यांचा पिंजरा आडवा रुंदावतो. जिना चढताना, कधी नुसते बोलतानाही धाप लागते ती यामुळे. ‘पोटाने श्वास घ्या’ ही एरवीची सूचना आठव्या महिन्यात फारशी कामाची राहत नाही. जागा उरते ती कडेच्या आणि पाठीच्या बरगड्यांत.

वर्गात ती जागा शोधायला लावतात. भिंतीला पाठ टेकून, बैठकीखाली ब्लँकेटची घडी घेऊन बद्धकोणासनात, म्हणजे पायाचे तळवे जुळवून, बसायचे. गुडघे दाबायचे नाहीत, त्यांच्याखाली उशा सारायच्या. शिक्षिका मागच्या बरगड्यांवर दोन्ही तळवे ठेवतात आणि ‘माझे हात बाजूला सारा’ म्हणतात. पहिल्या दिवशी खांदेच वर जातात, हात जागचे हलत नाहीत. काही दिवसांच्या सरावाने ते किंचित सरकू लागतात.

शवासन इथे उताणे नसते. साधारण २० आठवड्यांनंतर पाठीवर झोपल्यास गर्भाशयाचा भार खालच्या अंगातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. चक्कर येते, घाम सुटतो. म्हणून डावी कूस, गुडघ्यांमध्ये उशी, पोटाखाली घडी. उठायचे तेही कुशीवरूनच, हाताने जमीन रेटत. इतके जपून उठलेली बाई मग खड्ड्यांतून स्कूटर हाकत घरी जाते, हा खास पुणेरी भाग.

कपालभाती, भस्त्रिका (दोन्हींत श्वास जोराने झटकतात), कुंभक (श्वास रोखणे), उड्डियान बंध (पोट आत खेचणे) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणे) वर्ज्य. टीव्ही पाहून कपालभातीची सवय लागलेल्यांना ती सोडवणे शिक्षिकांना जड जाते. पोटावर झोपून करायची व पोट पिळणारी आसने आणि तापवलेल्या खोलीतला योगही नको. संप्रेरकांमुळे अस्थिबंध सैल पडून अंग एरवीपेक्षा जास्त वळते. ती प्रगती समजून ताणत राहिल्यास कंबर धरते. शीर्षासनाबाबत मतभेद आहेत: अय्यंगार पद्धतीत मुरलेल्या साधिकेला ते आधाराने करू देतात, डॉक्टर सहसा नको म्हणतात. नवशिकीने या वादात पडू नये.

वार (अपरा) गर्भपिशवीत खाली असणे, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका, वाढता रक्तदाब किंवा अकाली कळांचा धोका असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नये. अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, पोटरी सुजून दुखू लागली, बाळाची हालचाल मंदावली, तर अभ्यास थांबवून थेट दवाखाना. एरवी जागतिक आरोग्य संघटना गर्भवतींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. योगावरच्या चाचण्या बहुतांशी लहान आहेत. चिंता आणि पाठदुखी कमी होण्याकडे त्यांचा कल दिसतो.

‘आम्ही जात्यावर बसलो, उकिडवे बसून सारवले, आम्हांला कुठे होता योग?’ हा घरातल्या थोरल्यांचा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. मात्र हिंजवडीत दिवसभर खुर्चीत बसणारी सून उकिडवी बसतच नाही.

प्रसूतीत कामाला येतो तो लांब उच्छ्वास. कळ आली की दात आवळून श्वास रोखला जातो. भ्रामरीच्या गुंजारवाने जबडा आणि घसा सैल राहतो. मिनिटभराची कळ संथ श्वासांत सात-आठ श्वासांची होते, आणि सात-आठ मोजता येतात. अडचण अशी की ओटी भरली, डोहाळजेवण झाले की पहिलटकरीण माहेरी जाते, साताऱ्याला नाहीतर लातूरला, आणि वर्ग तिथेच सुटतो. जाणत्या शिक्षिका म्हणूनच आसनांची घाई करत नाहीत. सातव्या महिन्याच्या आत हा एक उच्छ्वास तेवढा अंगवळणी पाडून घेतात.