रायफलच्या पुंगळीचे पुनर्भरण आणि आयुष्य

काडतूस उडाल्यावर मागे राहिलेली पितळी पुंगळी पुन्हा आकारात आणायची, तिच्यात नवे प्रायमर (ठोक्याने पेटून दारू पेटवणारी टोपी), नवी दारू आणि नवी गोळी बसवायची आणि ती परत वापरायची, याला पुनर्भरण किंवा रिलोडिंग म्हणतात. काडतुसाच्या चार घटकांपैकी पुन्हा कामी येतो तो हा एकच, आणि बहुधा सर्वांत महागही हाच. एक पुंगळी किती वेळा भरावी, याला एका आकड्याचे उत्तर नाही. ऐसपैस लष्करी चेंबरच्या (काडतूस बसते ती नळीच्या मागच्या टोकाची पोकळी) जुन्या .३०३ रायफलीत ती तीन-चार वेळांत बाद होऊ शकते. नीट जुळवलेल्या बोल्ट-अॅक्शन (काडतुसामागचा बोल्ट हाताने मागेपुढे करायच्या) .३०८ मध्ये आठ-दहा वेळा सहज चालते. हलक्या भाराची, मान (गोळी धरणारे पुढचे अरुंद टोक) वेळोवेळी नरम केलेली पुंगळी वीस वेळांच्या पुढेही जाते. पितळाच्या प्रतीने फरक पडतो, पण त्याहून जास्त फरक चेंबरची मापे आणि भरणाऱ्याची पद्धत यांनी पडतो.

पुंगळीच्या पितळात साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. बार उडताच ती फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच किंचित आक्रसते, म्हणून बाहेर निघते. .३०८ विंचेस्टरमध्ये हा दाब चौरस इंचाला ६२,००० पौंडांपर्यंत मान्य आहे. एवढा दाब सोसायला बूड जाड आणि कडक लागते, तर मान पातळ आणि नरम लागते. एकाच तुकड्यात हे दोन्ही साधण्यासाठी कारखान्यात मानेला शेवटी वेगळी उष्णता देतात. लष्करी काडतुसांच्या मानेवर जो निळसर-तपकिरी डाग दिसतो तो त्याचाच. नागरी काडतुसांवर तो पॉलिशमध्ये निघून जातो.

पुंगळी बाद होण्याची सर्वांत धोक्याची रीत म्हणजे ती बुडाजवळ आडवी तुटणे. फायरिंग पिनचा ठोका पुंगळीला पुढे ढकलतो. दाब चढताच पुढची पातळ भिंत चेंबरला धरून बसते, जाड बूड मात्र तितके फुगत नाही. बूड आणि बोल्ट यांच्यात फट असेल तर बूड मागे सरकते, आणि पकडलेली भिंत व सरकलेले बूड यांच्यामधले पितळ ताणले जाते. एकदा ताणल्याने काही बिघडत नाही. पण नंतर पुंगळी डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) पूर्ण लांबीने दाबली, म्हणजे फुल-लेंग्थ साइझिंग केले, की खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, पुन्हा मागे जातो, फट पुन्हा तयार होते आणि पुढच्या बाराला तीच जागा आणखी पातळ होते.

.३०३ या बाबतीत बदनाम आहे, आणि त्यात पितळाचा दोष फारसा नाही. ही पुंगळी बुडाच्या कडेवर टेकते. खांद्यापुढे किती जागा आहे याने बार उडण्याला अडथळा येत नाही. युद्धातल्या चिखलधुळीतही काडतूस अडकू नये म्हणून ली-एनफील्ड या .३०३ च्या ब्रिटिश लष्करी रायफलीची चेंबरे सैल ठेवलेली असत. शिवाय तिच्या बोल्टला जागी अडकवणारे खटके मागच्या बाजूला असल्याने दाबाखाली रायफलची यंत्रणा (अॅक्शन) थोडी लवचते. बुडाजवळ उंच पट्टा असलेल्या मॅग्नम (जास्त ताकदीच्या) काडतुसांचेही असेच होते. १९१२ च्या .३७५ एच अँड एचपासून रूढ झालेला हा पट्टा पुंगळीला मागून अडवतो, त्यामुळे खांद्याच्या मापाकडे दुर्लक्ष होते. दोन्हीकडे उपाय एकच: पहिल्या बारानंतर पुंगळीला त्याच रायफलच्या खांद्यावर टेकू द्यायचे. फक्त मान दाबावी, किंवा खांदा जेमतेम ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर मागे न्यावा. एवढ्याने आयुष्य दुप्पट-तिप्पट झाल्याचे नेहमी दिसते. स्वयंचलित भरणीच्या रायफलींत ही सूट घेता येत नाही. काडतूस बिनअडथळा आत जायला पूर्ण साइझिंग लागते आणि यंत्रणा पुंगळीला जोराने उपसते; एम१ गॅरँड किंवा एम१४ साठी चार-पाच बारांनंतर पुंगळ्या काढून टाकण्याची जुनी रीत आहे आणि ती सोडू नये.

हे पातळ होणे बाहेरून उशिरा दिसते. बुडापासून साधारण सेंटीमीटरभर वर चकाकणारे आडवे कडे दिसले की पुंगळी गेलीच समजावी. त्याआधी शोधायचे तर बारीक ताठ तार घेऊन तिचे टोक दोनेक मिलिमीटर काटकोनात वाकवतात आणि धार लावून अणकुचीदार करतात. तार बुडापर्यंत आत घालून भिंतीला टेकवत हळूहळू वर ओढली की खाच असेल तिथे टोक अडकते. हा अडथळा बोटाला स्पष्ट कळतो. शंका राहिलीच तर त्या गटातली एक पुंगळी करवतीने उभी चिरून भिंतीची जाडी डोळ्यांनी पाहावी. एक पुंगळी वाया जाते, पण बाकीच्यांबद्दल खात्री होते. तुटलीच, तर पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकतो आणि तापलेला वायू बोल्टमधून नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. त्यामुळे संरक्षक चष्म्याला पर्याय नाही.

मान चिरणे त्या मानाने सौम्य. दरवेळी फुगणे आणि दाबले जाणे यांनी मानेचे पितळ कडक होत जाते आणि शेवटी उभी चीर पडते. तांबट भांडे ठोकता ठोकता ते कडक झाले की पुन्हा भट्टीत घालतो, तसेच इथे मान आणि खांदा तापवून नरम करतात. पितळाला पोलादासारखे पाण्यात बुडवून कडक करता येत नाही. पाण्याचा उपयोग एवढाच की उष्णता बुडापर्यंत उतरू नये. म्हणूनच जुन्या पद्धतीत पुंगळ्या पाण्याच्या थाळीत उभ्या करून फक्त माना ज्योतीवर धरत. बूड नरम झाले तर ती पुंगळी पुढच्या बाराला फाटू शकते. असे पितळ एकदाही वापरू नये.

तिसरे लक्षण प्रायमरच्या खोबणीचे. जास्त दाबाचे बार तिला सैल करतात, आणि नवे प्रायमर हलक्या बोटाने आत जाऊ लागले की पुंगळी फेकून द्यायची. पुंगळी लांबतेही. .३०८ ची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर आहे. त्यापुढे मान चेंबरच्या टोकाला अडून गोळीला आवळते आणि दाब अचानक चढतो. म्हणून ती कापून ५०.९३ पर्यंत आणतात. जी पुंगळी वारंवार कापावी लागते ती बुडाजवळ ताणली जात आहे, हे तिथेच ओळखावे.

काही पुंगळ्या न उडवताच तडकतात, आणि हा रोग कळला तो भारतात. ब्रिटिश फौजा पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत ठेवत आणि हवा कोरडी होईपर्यंत त्यांतल्या बऱ्याच पुंगळ्यांना चिरा पडलेल्या असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण, ही तिन्ही कारणे एकत्र येतात असे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवले. कमी उष्णतेवर ताण काढून टाकणे हा त्यावरचा उपाय आहे. पुनर्भरण करणाऱ्यांनी त्यातून घ्यायचे ते एवढेच, की अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या चमकवू नयेत.

पुनर्भरण सोपे की अवघड, हे प्रायमरवरही ठरते. १८६६ च्या सुमारास ब्रिटनच्या एडवर्ड बॉक्सरने आणि अमेरिकेच्या हायरम बर्डनने दोन वेगळ्या रचना केल्या. बॉक्सरच्या पुंगळीत मधोमध एकच भोक असते, त्यातून सुई घालून जुने प्रायमर पाडता येते. बर्डनच्या खोबणीत दोन छोटी भोके बाजूला असतात, त्यामुळे ही सोय नसते. नशिबाचा खेळ असा, की बॉक्सर पद्धत अमेरिकेत रुळली आणि बर्डनची युरोपात. जुन्या पारायुक्त प्रायमरमुळे पितळ ठिसूळ होई, त्यामुळे तशा पुंगळ्या आजही भरण्यालायक धरत नाहीत.

व्यवहारात पुंगळ्यांचे गट करून एका रायफलला एकच गट ठेवतात आणि प्रत्येक डब्यावर किती वेळा भरल्या ते लिहितात. गटातल्या एकीला बुडाजवळ खाच सापडली तर बाकीच्या सगळ्या तपासाव्या लागतात, कारण त्यांनी तितकेच ताण सोसलेले असतात. बाद पुंगळीची मान पकडीने चेपून टाकतात, म्हणजे ती चुकून परत डब्यात येत नाही.

हा छंद मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन अशा देशांत चालतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात, आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात काडतुसे बनतात ती खडकी (१८६९) आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव इथल्या सरकारी कारखान्यांत. 'केएफ' हा खडकीचा शिक्का असलेल्या जुन्या .३०३ पुंगळ्या परदेशी संग्राहकांकडे अजून आढळतात.