लॅपटॉपवरील माउस कर्सर नाहीसा होणे

लॅपटॉप चालू आहे, कीबोर्ड नीट चालतो आहे, पण पडद्यावरचा बाण दिसत नाही किंवा बोट फिरवूनही हलत नाही, अशी स्थिती. बोलताना दोन्हींना ‘कर्सर गेला’ असेच म्हणतात, पण दोष वेगळे असतात. एकात बोटाची हालचाल संगणकापर्यंत पोहोचते, फक्त बाणाचे चित्र उमटत नाही. दुसऱ्यात हालचालच पोहोचत नाही. हे न ताडता थेट ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) काढायला-घालायला बसले की तासभर जातो, आणि शेवटी चुकून दाबलेले एक बटण निघते.

फरक ओळखण्याची सोपी परीक्षा अशी: विंडोजमध्ये टचपॅडवर बोट खाली ओढत न्यावे आणि पडद्याच्या तळाशी टास्कबारवरून आडवे फिरवावे. बाण दिसत नसतानाही आयकॉन एकामागून एक उजळत असतील, तर कर्सर जागेवर आहे आणि दोष चित्राचा आहे. काहीच उजळत नसेल, तर टचपॅड, माउस किंवा त्यांच्या ड्रायव्हरकडे वळावे.

चित्राचा दोष समजण्यासाठी एक गोष्ट माहीत हवी. कर्सर हा सहसा पडद्यावरील इतर चित्राचा भाग नसतो. ग्राफिक्स चिप तो वेगळ्या थरावर ठेवून वरून दाखवते. प्रिंट स्क्रीन दाबून घेतलेल्या चित्रात बाण बहुधा येत नाही, तो याच कारणाने. ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला की बाकी सगळे ठाकठीक राहून नेमका हा थर गळू शकतो. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर, दुसरा मॉनिटर काढल्यावर किंवा ड्रायव्हर अद्ययावत झाल्यावर असे घडते. विंडोज १० व ११ मध्ये विंडोजचे बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबले की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर लुकलुकतो, पीप असा आवाज येतो, उघडे काम तसेच राहते. एवढ्याने भागले नाही तर विंडोज आणि आर दाबून ‘मेन डॉट सीपीएल’ हा आदेश द्यावा (डॉट म्हणजे टिंब, आदेश रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करायचा). माउसच्या गुणधर्मांची खिडकी उघडते. कंट्रोल व टॅबने ‘पॉइंटर ऑप्शन्स’ या पानावर जावे, टॅबने पुढे सरकावे, स्पेसने खूण करावी. तेथील ‘पॉइंटर ट्रेल्स’ म्हणजे बाणामागची शेपटी चालू केली की बाण अनेकदा परत दिसतो, कारण मग तो वेगळ्या पद्धतीने रेखाटला जातो. हा तात्पुरता टेकू आहे; खरा उपाय म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर नवा बसवणे किंवा मागच्या आवृत्तीवर नेणे.

त्याच पानावरील दोन पर्याय लक्षात ठेवण्याजोगे आहेत. ‘हाइड पॉइंटर व्हाइल टायपिंग’ चालू असेल तर टाइप करताना बाण लपतो आणि हालचाल होताच परत येतो. हा बिघाड नव्हे. मॅकवरही टाइप करताना असेच होते. दुसरा पर्याय कंट्रोल दाबल्यावर कर्सरभोवती वर्तुळे दाखवतो. बाण आहे पण सापडत नाही, अशा वेळी तो कामी येतो. बाणाचे टोक हाच त्याचा नेमका बिंदू असल्यामुळे उजव्या-खालच्या कोपऱ्यात गेल्यावर केवळ टोक दिसते, उरलेला बाण पडद्याबाहेर असतो. ‘एक्स्टेंड’ पद्धतीत, म्हणजे लॅपटॉपचा पडदा पुढे वाढवून, जोडलेल्या टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवरही तो निघून गेलेला असतो. विंडोज आणि पी दाबून केवळ लॅपटॉपचा पडदा निवडावा. मॅकवर बोट वेगाने डावी-उजवीकडे हलवले की बाण मोठा होतो. ही सोय २०१५च्या एल कॅपिटनपासून आहे. आभासी संगणकाने (सॉफ्टवेअरने लॅपटॉपच्या आत चालवलेल्या दुसऱ्या संगणकाने) कर्सर पकडून ठेवला असल्यास व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवे कंट्रोल, व्हीएमवेअरमध्ये कंट्रोल व ऑल्ट दाबल्यावर तो सुटतो.

हालचालच पोहोचत नसेल तर पहिला संशय टचपॅड बंद करणाऱ्या बटणावर घ्यावा. वरच्या एफ रांगेत टचपॅडचे छोटे चित्र शोधून ते बटण दाबावे, गरज पडल्यास ‘एफएन’ लिहिलेल्या बटणासह. अनेक एसर लॅपटॉपवर ते एफ७, जुन्या आसूसवर एफ९ असे. काही एचपी लॅपटॉपवर टचपॅडच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यावर दोनदा टिचकी मारल्यानेच तो बंद-चालू होतो आणि कोपऱ्यातला लहान दिवा ते दाखवतो. अंगठा चुकून तेथे लागला की गोंधळ होतो. यानंतर टचपॅडच्या सेटिंगमध्ये ‘माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा’ या अर्थाचा पर्याय पाहावा. तो बंद असेल आणि बिनतारी माउसचा यूएसबी रिसीव्हर लॅपटॉपलाच राहून माउस दुसरीकडे पडला असेल, तर टचपॅड मुकाट बसून राहतो.

एवढ्याने न भागल्यास विंडोज व एक्स, मग एम दाबून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे संगणकातील उपकरणांची यादी, उघडावा. बाणबटणांनी ‘माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस’ आणि ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’ हे गट उघडून पाहावेत. नावापुढे पिवळी खूण असेल तर शिफ्ट व एफ१० दाबून उघडणाऱ्या यादीतून ते उपकरण ‘अनइन्स्टॉल’ करावे आणि लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करावा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणे येथे पुरत नाही: फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि बिघडलेली स्थितीही त्याच्यासोबत परत येते. अद्ययावत केल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल तर गुणधर्मांतील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरावे. काही एसर लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) टचपॅडसाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आणि ‘बेसिक’ असे दोन पर्याय असतात. विंडोज नव्याने टाकल्यावर योग्य ड्रायव्हर नसेल तर ‘बेसिक’वर टचपॅड चालतो, पण बहुबोटी खुणा जातात.

यादीत टचपॅडचे नावच नसेल आणि बायोसमध्येही तो बंद केलेला नसेल, तर मदरबोर्डवरील पट्टीसारखी केबल सैल झालेली असू शकते. याहून गंभीर कारण म्हणजे फुगलेली बॅटरी. अनेक लॅपटॉपमध्ये ती टचपॅडच्या खालीच असते. ती फुगली की टचपॅड वर उचलला जातो, क्लिक कडक होते, तळाची फट वाढते. असे दिसल्यास चार्जर काढून लॅपटॉप बंद करावा, फुगवटा दाबू नये, टोचू नये आणि बॅटरी जाणकाराकडून बदलून घ्यावी. चार्जर लावल्यावरच बाण उड्या मारत कोपऱ्यात पळत असेल, तर आधी चार्जर काढून पाहावे: टचपॅड बोटाच्या विद्युतधारितेवर (विद्युतभार धरून ठेवण्याच्या गुणावर) चालतो, त्यामुळे अर्थिंग नसलेल्या किंवा सदोष चार्जरमधून येणारा विद्युतगोंगाट त्याला बोटासारखाच वाटतो.