दर महिन्याला पासवर्ड बदलला की खातं सुरक्षित?

वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळच्या एका कार्यालयात माहिती-सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायला गेले होते. पहिलंच वाक्य कानावर आलं, "ताई, आम्ही दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलतो, काळजी नको." हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय, आणि ते चूक आहे.

तिथल्या एका बाईंच्या कीबोर्डखाली चिठ्ठी होती. 'गणपती@मे' खोडलेलं, 'गणपती@जून' खोडलेलं, खाली 'गणपती@जुलै'. ऑगस्टचा पासवर्ड कुणीही सांगेल! यात त्या बाईंचा दोष नाही. सक्तीने बदलायला लावलं की माणूस असंच करतो.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये हेच दाखवलं: जुना पासवर्ड माहीत असेल तर 41 टक्के खात्यांचा नवा पासवर्ड काही सेकंदांत काढता आला. ठरावीक मुदतीने बदलण्याची सवय ज्यामुळे जगभर पसरली, ते मार्गदर्शन अमेरिकेच्याच 'निस्ट' या मानक संस्थेचं, 2003 सालचं. ते लिहिणाऱ्या बिल बर यांनी पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली. 2017 मध्ये निस्टनेच सांगितलं, विनाकारण सक्तीने बदलायला लावू नका.

मग बदलायचा कधी? फुटल्याचा संशय आला की, त्याच क्षणी. एरवी तीन-चार असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड ठेवा, प्रत्येक खात्याला वेगळा, जोडीला ओटीपीसारखी दुसरी पडताळणी. आणि ती चिठ्ठी? आम्ही तिथेच फाडली.