उन्हातही आंबट राहणारं द्राक्ष

नुसतं गोड संत्रं नागपूरकराला फिकं लागतं. थोडा आंबटपणा हवाच. पांढऱ्या वाइनचंही तसंच आहे. आंबटपणा गेला की तिच्यात जीव राहत नाही, आणि उष्ण मुलखात आधी तोच जातो.

द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. मणी पिकायला लागला की त्याच्या पेशी श्वसनासाठी मॅलिक आम्ल वापरू लागतात. हवा जितकी तापलेली, तितकं ते लवकर संपतं. टार्टारिक आम्ल मात्र उन्हात बरंचसं टिकून राहतं. म्हणून भर उन्हाळ्यात पिकणाऱ्या बागेत गोडी भरेपर्यंत रस सपक होऊन बसतो.

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरचं असिर्तिको हे पांढरं द्राक्ष याला अपवाद आहे. त्याच्या वाइनमध्ये अल्कोहोल १३-१४ टक्क्यांपर्यंत जातं, म्हणजे गोडी पुरेपूर भरते, तरी पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) ३ च्या आसपास राहतो. उन्हावाऱ्यापासून घड वाचावेत म्हणून तिथले शेतकरी वेली जमिनीलगत टोपलीसारख्या गोल वळवतात. ज्वालामुखीच्या राखेची ती जमीन पालाशात (पोटॅशियममध्ये) गरीब आहे, आणि तेच पथ्यावर पडतं. पालाश टार्टारिक आम्लाशी जोडला जाऊन त्याचे स्फटिक खाली बसवतो. तो कमी असला की आम्ल रसातच राहतं.

पांढरी वाइन करताना घड थंड असतानाच दाबून रस काढतात आणि साली, चोथा लगेच बाजूला करतात. रस थंडीत ठेवून गाळ बसवला की यीस्ट घालतात. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल तयार होतं. तापमान १२ ते १८ अंशांत राखावं लागतं, नाहीतर कर्बवायूबरोबर सुगंधही उडून जातो.

आंबटपणाचं काम चवीपुरतंच असतं असं मात्र नाही. वाइन टिकावी म्हणून तिच्यात सल्फर डायऑक्साइड घालतात, पण त्यातला अगदी थोडा भागच जंतूंना मारू शकतो. पीएच ३.२ असेल तर तो भाग सुमारे ४ टक्के असतो, ३.८ झाला तर जेमतेम १. म्हणजे वाइन सपक झाली की तेवढ्याच संरक्षणासाठी जवळपास चौपट सल्फर लागतं! मला या सगळ्या रसायनशास्त्रातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या नागपुरात हे द्राक्ष लावावं का? महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी उन्हावर एक तोड आधीच काढली आहे. एप्रिलची खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (घडांसाठी) यांमुळे आपला माल हिवाळ्यात वाढतो आणि बराचसा मार्चपर्यंत उतरतो. उष्णता वाढत चालली आहे, तेव्हा नावाजलेल्या फ्रेंच वाणांच्याच मागे न लागता असिर्तिकोसारखे वाण लावून पाहायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. फक्त नुसतं वाण आणून भागणार नाही. विदर्भाच्या काळ्या जमिनीत पालाश भरपूर असतो, म्हणजे सँटोरिनीच्या अगदी उलट. त्यामुळे आधी निचऱ्याची, हलकी जमीन शोधावी लागेल आणि पालाश कमी उचलणाऱ्या खुंटावर (मुळं पुरवणाऱ्या दुसऱ्या वेलीवर) कलम करावं लागेल. नंतर घड तोडायचा दिवस ठरवताना गोडीइतकंच लक्ष पीएचवर ठेवावं लागेल.