पार्श्वभूमी : 'अ सेपरेट पीस' मधलं युद्ध आणि तह

जॉन नोल्सची ही अमेरिकन कादंबरी १९५९ची, गोष्ट १९४२च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या महायुद्धात सुरू होते. बोर्डिंग स्कूलमधले दोन मित्र, गोष्ट सांगणारा जीन आणि फिनी; झाडावर जीन फांदी हलवतो, फिनी पडतो आणि त्याचा पाय मोडतो. बाकी वाचलेल्यांना माहितीये, त्यात जात नाही. मला बोलायचंय ते नावाबद्दल, कारण युद्ध-शांतीच्या प्रतिमांची चर्चा तिथेच भरकटते. बहुतेक जण 'पीस' म्हणजे मनःशांती धरतात, जीनचा शेवटी स्वतःशी समेट झाला वगैरे. पण 'सेपरेट पीस', म्हणजे वेगळा तह, हा मुळात तहनाम्यातला शब्द आहे आणि तिथे त्याला दग्याचा वास आहे.

दोस्ताला न विचारता परस्पर तह करून मोकळं होणं तसं जुनंच, ते सोडा. सप्टेंबर १९१४ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाने एकमेकांना लिहून दिलं की आपल्यातलं कोणी शत्रूशी वेगळा तह करणार नाही. मार्च १९१८ मध्ये नव्या रशियन सरकारने ब्रेस्ट-लिटोव्स्कला जर्मनीशी नेमका तोच केला, बाकीचे दोस्त भडकले. पुढे हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाने हा शब्द राष्ट्रांकडून काढून एकट्या माणसाच्या तोंडी दिला, आधी १९२५च्या कथांमध्ये जखमी सैनिकाच्या, मग १९२९च्या कादंबरीत फौज सोडून पळालेल्या लेफ्टनंटच्या. आणि १ जानेवारी १९४२ला २६ देशांनी परत तीच सही केली, वेगळी शस्त्रसंधी नाही, वेगळा तह नाही. अमेरिका त्यात होती. म्हणजे ही सोळा वर्षांची पोरं नदीत उड्या मारत होती तेव्हा त्यांच्या देशाने वेगळा तह न करण्याचं वचन देऊन जेमतेम सहा महिने झाले होते. त्या उन्हाळ्याच्या शांततेत अपराध आधीपासूनच आहे, जीनने फांदी हलवली तिथे तो फक्त वर येतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या प्रतिमाही त्या वर्षातूनच आल्यात. झाडावरून उडी मारणं हा खरं तर मोठ्या वर्गाचा सराव, जहाज बुडालं तर काय करायचं याचा. फिनी बॉलचा नवा खेळ काढतो तर त्याचं नावसुद्धा ब्लिट्झवरून, म्हणजे जर्मनांच्या झंझावाती हल्ल्यावरून. नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या भरतीचं वय २० वरून १८ वर आलं, आणि कादंबरीत बर्फही आवाज न करणाऱ्या आक्रमकांसारखा येतो, हळूच सगळं ताब्यात घेतो. शेवटची मॅजिनो लाईन तर फारच नेमकी आहे. फ्रान्सने अफाट खर्च करून जर्मनीच्या सीमेवर ती तटबंदी उभी केली आणि १९४० मध्ये जर्मन फौज आर्डेन्सच्या जंगलातून आली. जीन म्हणतो, फिनी सोडून प्रत्येकाने असाच तट बांधला, आणि शत्रू त्या बाजूने कधी आलाच नाही.

पुढे ही कादंबरी अमेरिकन शाळांमध्ये शिरली. व्हिएतनामच्या काळात ती वाचणाऱ्या पोरांच्या डोक्यावरही ड्राफ्ट, म्हणजे सक्तीची भरती, होताच, तो १९७३ मध्ये थांबला. नंतर वर्गात 'युद्ध = मनातला संघर्ष' एवढंच उरलं, हे मला खटकतं, कारण त्यात फिनी नुसता शांतीचा पुतळा होऊन बसतो. युद्ध वगैरे काही नाहीच, म्हाताऱ्यांनी रचलेली भानगड आहे, असं हिवाळाभर सांगणारा तोच, आणि शेवटी कळतं की भरती करून घ्या म्हणून तो कॅनडापासून चीनपर्यंत सगळीकडे पत्रं पाठवत होता, पायामुळे कोणीच घेतलं नाही.